साखरेची पुडी

मार्च लागला की वाशिमातल्या झेरॉक्सच्या दुकानांना ताप चढतो. मशिनी दिवसभर धापा टाकतात आणि गाइडचं अख्खं पान काडेपेटीएवढं करून देणारी पोरं काउंटरमागं घामाघूम झालेली असतात. बाहेर कडुनिंब फुललेला असतो. त्याचा वास आणि तापलेल्या कागदाचा वास एकमेकांत मिसळला की मला कळतं, परीक्षा आल्या. परवा पेन्शनच्या कागदाची नक्कल काढायला गेलो, तर रांगेत उभा असतानाच माझ्या कमरेचा पंप वाजला. दोनदा, बारीक.

पुढचं पोरगं वळून म्हणालं, "काका, तुमचा मोबाइल वाजून राह्यला."

"मोबाइल नाही बापू, माझं स्वादुपिंड हाय ते. औषध सरत आलं म्हणते."

ते हसलं. त्याच्या हातात बारीक केलेल्या पानांची चवड होती, ती त्यानं हळूच खिशात सारली. कॉपीवर कोणाला उपदेश करावा असा माझा इतिहास नाही. भर परीक्षेत पकडला गेलेला माणूस आहे मी.

हा पंप पत्त्यांच्या डबीएवढा. त्याची बारीक नळी पोटाच्या कातडीखाली जाते, दर तीन दिवसांनी तिची जागा बदलायची. दिवसभर तो थेंब थेंब इन्सुलिन सोडत राहतो, आणि जेवायच्या आधी किती भाकरी खाणार ते मनाशी ठरवून मी बटण दाबतो. आंघोळीपुरता काढून ठेवतो, तेवढा वेळ खुंटीवर सदऱ्याशेजारी माझं स्वादुपिंड लटकत असतं. पुतण्याची रिसोडकडे संत्र्याची बाग आहे. त्यानं हे यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उलटसुलट निरखलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या पोटाले ठिबक बसवलं म्हणा की!" डॉक्टरांनी अर्धा तास घालून समजावलं होतं, ते त्यानं एका वाक्यात उरकलं.

खरंच ठिबक. त्याआधीची सगळी वर्षं पाटाच्या पाण्याची. सकाळी सुई टोचली की पाणी सुटलं, मग वाफ्यात पीक असो की नसो. एकदा आत गेलेलं इन्सुलिन आपल्या वेळेनं रक्तातली साखर उतरवत जातं, तुम्ही जेवा की न जेवा. वेळेवर पोटात काही पडलं नाही तर साखर पार तळाला जाते. हात कापतात, घाम फुटतो, अक्षरं डोळ्यांपुढं पोहायला लागतात, आणि तरीही काही खाल्लं नाही तर माणूस आडवा होतो. त्यावर उतारा एकच, मूठभर साखर. मधुमेह्याच्या खिशात साखर लागते हे आजही पुष्कळांना पटत नाही. सत्तरच्या त्या दशकात तर ते सांगणाऱ्यालाच लोकांनी खुळा ठरवला असता.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ गँगमनांच्या खोल्या होत्या, त्यांतल्या शेवटच्या खोलीत आम्ही राहायचो. बा रेल्वेत गँगमन. पहाटे हातोडा खांद्यावर टाकून रुळावर निघायचा तो उन्हं तापली की तापलेल्या खडीचा वास अंगावर घेऊन परतायचा. मीटरगेजची कोळशावरची गाडी, तिच्या धुरानं वाळवणातली कुरडई काळी व्हायची. रुळाच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला असायचा आणि शेतांतून गव्हाच्या काडाचा कोरडा, नाकात जाणारा भुसा. हा सगळा हंगाम माझ्या लेखी एकाच गोष्टीचा. या दिवसांत लोक खळ्यावर जायचे आणि मी पेपरला.

मला ही बिमारी सतराव्या वर्षी लागली. माठच्या माठ पाणी प्यायचो आणि हाडं मोजता येतील इतका वाळलो. एक वर्ष त्यातच गेलं. अकोल्याच्या रेल्वेच्या दवाखान्यात निदान झालं तेव्हा वस्तीतले एक म्हातारे बाबा मला पाहायला आले. खाटेजवळ बसून त्यांनी बराच वेळ मान हलवली.

"काय जमाना आला! आपल्या घरी साखर सणावाराले दिसते, अन् या पोराले साखरेची बिमारी. शेटजीचं दुखणं गँगमनच्या पोराले कसं लागलं बे?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्याच दिवशी मनाशी ठरवलं की कॉलेजात हे कोणाला कळू द्यायचं नाही. धर्मांतर करून आम्हाला वीस वर्षं होत आली होती, तरी हजेरीत आडनाव आलं की काही माना अजून वळायच्या. एक शिक्का कपाळी होताच. दुसरा मला नको होता.

बाच्या पासावर महिन्यातून एकदा अकोल्याला जायचं आणि इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. औषध गारव्याला ठेवा, डॉक्टर म्हणाले. जऊळक्यात गारवा कुठला? मायनं एका मोठ्या माठात ओली वाळू भरली, त्यात लहान मडकं बसवलं आणि बाटली त्यात ठेवली. आमच्या लोकांसाठी निराळा माठ ठेवणारी घरं तिनं उभा जन्म पाहिली होती. आता तिच्याच घरात निराळा माठ आला. शेजारणी विचारायच्या, "हा माठ कोनाचा वो?" तर माय ठसक्यात सांगायची, "साहेबाचा." साहेब म्हणजे बाटली.

काचेची सिरिंज रोज उकळावी लागे. सुई एकच, महिनोन्महिने तीच. बोथट झाली की कातडीत शिरताना ओरबाडायची. वाशिमला स्टेशनाकडून कॉलेजच्या वाटेवर एका घड्याळवाल्या चाचांचं दुकान होतं. ते डोळ्याला भिंग लावून बारीक दगडावर मला सुई धार करून द्यायचे. घरच्यांव्यतिरिक्त माझं गुपित माहीत असलेला वाशिमातला एकमेव माणूस.

"कॉलेजमे किसीको मालूम है?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही चाचा."

"क्यों? चोरी का माल है क्या?" त्यांनी सुई उजेडात धरून पाहिली. "बिमारी छुपाने से आधी नहीं होती बेटा."

मला ते आवडलं नाही. सुई घेतली आणि निघालो.

आणि ती परीक्षानळी. तिच्यात निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, आणि फार झाली तर विटकरी. हे काम मायनं आपल्याकडे घेतलं होतं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण रंग असा ओळखायची की डॉक्टरांनी मान डोलवावी. "आज तुरीच्या दायीवानी हाय," म्हणायची, म्हणजे डाळीसारखं पिवळं, आणि त्या दिवशी भाकरीचा एक तुकडा कमी. निळा आला की नळी दारातल्या उजेडात धरून उभी राहायची. निळा रंग आमच्या घरात तसाही मानाचा.

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. बाच्या घराण्यात आणि मायच्या माहेरी मिळून इतकं शिकलेलं कोणी नव्हतं. एक वर्ष आधीच वाया गेलं होतं. बानं सरळ सांगितलं होतं, "यंदा झालं तं झालं. नाही तं गँगमधी नाव घालतो, साहेबासोबत बोलनं झालं हाय." त्यात राग नव्हता. त्याच्यापाशी होतं तेवढं तो देत होता. पण वैशाखाच्या उन्हात सात-आठ तास हातोडा मारणं आणि ही सुई, दोन्ही एका शरीरात नांदणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. बालाही असावं. म्हणून तो वारंवार म्हणायचा, "गँगमनच्या पोराले गँगमन व्हायले शिका लागत नाही. तू लिव्ह."

त्या दिवशी राज्यशास्त्राचा पेपर होता. वस्तीत जयंतीचे निळे झेंडे अजून फडकत होते. पेपर अकरा ते दोन, म्हणजे माझ्या जेवणाच्या वेळेवरच. म्हणून रोज खिशात साखरेची डबी असायची. त्या दिवशी नेमकं डबीचं झाकण सापडेना आणि सिग्नल पडला.

"थांब, पुडी बांधून देतो," माय आतून म्हणाली.

"माय, गाडी आली!"

"येऊ दे. डायवर काही तुले टाकून जात नाही."

तिनं पुडी बांधली, वरून काळा दोरा गुंडाळला, सांडू नये म्हणून तीन गाठी मारल्या आणि माझ्या खिशात कोंबली. मी धावलो. कागद कुठून घेतला ते मी पाहिलं नाही.

साडेबाराच्या सुमाराला पहिला घाम कानामागून उतरला. तीन प्रश्न झाले होते, चौथा चालू होता. हा प्रश्न संपवू, मग खाऊ, असं मी मनाशी म्हटलं. हीच ती चूक, जी मधुमेहातला प्रत्येक जण कधी ना कधी करतो. ओळी वर चढायला लागल्या, पेन बोटांत वळेना. खिशातून पुडी काढली तर गाठी सुटेनात. बाकाखाली दोन्ही हात घालून मी दोऱ्याशी झटतोय, आणि समोर पर्यवेक्षक सर येऊन उभे.

"काय आहे ते? इकडे आण."

"साखर आहे, सर."

त्यांनी पुडी घेतली, टेबलावर नेली, टाचणीनं एकेक गाठ सोडवली. कागद उलगडला. कागद माझ्या टिपणवहीतला होता, माझ्या अक्षरातला. वर मथळा लाल शाईत, दोनदा अधोरेखित: मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी. त्या दिवशीच्या पेपरातला दुसरा प्रश्न.

"ही साखर?"

तेव्हा ते वाक्य मी पहिल्यांदा चारचौघांत बोललो. "सर, मला मधुमेह आहे. आत्ता साखर खाल्ली नाही तर मी पडेन."

"मला शिकवतोस? माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. चहात साखरेचा कण चालत नाही त्यांना. आणि हा म्हणतो, मधुमेह आहे म्हणून साखर खातो!"

अख्खा हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, मलेबी बिमारी हाय, लाडू बलवा!" सरांनी माझा पेपर उचलला, पुडी उचलली आणि मला दंडाला धरून केंद्रप्रमुखांच्या खोलीत नेलं.

केंद्रप्रमुख वयस्क होते, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यांच्या टेबलावर तो कागद पसरला गेला आणि त्यावर पांढरी साखर. माझा गुन्हा आणि माझा जीव एकाच कागदावर. मी साखरेकडे हात नेला तसा सरांनी कागद मागं ओढला.

"पुरावा आहे, सर. आहे तसा सीलबंद करावा लागेल. साखरेसकट."

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. सदरा अंगाला चिकटलेला, खालचा ओठ थरथरतोय. मग म्हणाले, "साखर कशाला सील करता? विद्यापीठात मुंग्या पाठवायच्या आहेत का? हात पुढं कर रे."

त्यांनी कागदाची पन्हळ करून सगळी साखर माझ्या ओंजळीत ओतली. मी ती जनावरासारखी खाल्ली. लाज वाटायलाही साखर लागते, तेवढीही अंगात नव्हती.

"आता सांगा," ते पर्यवेक्षकांना म्हणाले, "दोरा कोणी सोडला?"

"मी, सर. तीन गाठी होत्या."

"म्हणजे याच्याकडे होती तेव्हा बांधलेलीच होती."

"पण सर, अक्षर याचंच आहे. विषय आजचाच आहे."

"ते आहेच." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "जबाब लिही. आजार काय, पुडी कोणी बांधली, हा कागद तिच्यात कसा आला. खरं लिही."

पेन हातात घेतलं. पहिली ओळ कशी लिहिली मला सांगता येणार नाही, अक्षरं चिरडलेल्या किड्यांसारखी पडत होती. मी मधुमेही आहे. रोज सुई घेतो. हे जमलं. मग आला पुढचा प्रश्न, पुडी कोणी बांधली, आणि पेन थांबलं. मीच बांधली असं लिहिलं तर मी चोर. कोण्या दुकानदाराचं नाव घ्यावं तर त्याच्याकडे माझी वही कशी? आणि खरं लिहायचं तर पदवीच्या परीक्षेला बसलेल्या माणसानं, स्वतःच्या हातानं, या खोलीत लिहून द्यायचं की माझ्या आईला वाचता येत नाही. बिमारी लपवत होतो हे मला माहीत होतं. मायलाही लपवत आलो होतो, हे त्या क्षणी कळलं. कॉलेजात कोणी विचारलं तर मी सांगायचो, चौथी शिकलीय.

लिहिलं. पुडी माझ्या आईनं बांधली. तिला अक्षर येत नाही. डबीचं झाकण सापडलं नाही म्हणून घरातला सगळ्यात स्वच्छ कागद तिनं निवडला. त्यावर काय लिहिलं आहे हे तिला कळणं शक्य नव्हतं. यात तिचा दोष नाही. खाली सही केली, पूर्ण नावानं, आडनावासकट.

केंद्रप्रमुखांनी चष्मा चढवला. एक बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, एक शेवटच्या.

"ही ओळ आणि ही ओळ एकाच माणसाची?"

"हो सर. मध्ये साखर आहे."

त्यांनी जबाब पर्यवेक्षकांपुढं धरला. सरांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि माझा पेपर माझ्या हातात दिला. केंद्रप्रमुख म्हणाले, "जा. गेलेला वेळ मिळणार नाही."

"वाढीव वेळ नको, सर," मी म्हणालो. तेवढा ताठा तोवर परत आला होता.

संध्याकाळी माय चुलीपुढं होती. "साखर कामी आली काय रे?"

"आली माय."

"म्या मुद्दाम चांगला कागद पाहून घेतला. चुरगयलेला नव्हता, काही नाही. सुबक लिहेल होता."

"पायला म्या," मी म्हणालो. यापलीकडे तिला कधी काही सांगितलं नाही. आज ती नाही. तिच्या हातची एक चूक तिला न कळू देता मी सांभाळली, याचा मला पदवीइतकाच अभिमान आहे.

पंपानं सुई गेली, उकळणं गेलं, घड्याळाची गुलामीही पुष्कळ गेली. साखर उतरायला लागली की हल्ली यंत्रच आधी ओरडतं. पण ते ओरडलं की लोक पाहतात, आणि मग "मला मधुमेह आहे" हे माणसालाच बोलावं लागतं. त्याला बटण नाही. तरणी पोरंपोरी आजही पंप कपड्याच्या आत दडवतात, लग्न ठरेस्तोवर तर हमखास. त्यांना मी हसत नाही. फक्त एवढंच सांगतो की लपवायला जी ताकद लागते तीच सांगायला लागते, आणि सांगून झालं की ती परत मिळते.

जूनमध्ये निकाल लागला. पास झालो, दुसऱ्या वर्गात. बानं स्टेशनमास्तरांना पेढा नेऊन दिला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "पोरगं बी.ए. झालं साहेब, आमचं." माझं नाव गँगमध्ये कधी लागलं नाही. पण त्या निकालापेक्षा मला आठवतो तो त्या परीक्षेतला शेवटचा पेपर, राज्यशास्त्रानंतर दोन दिवसांनी.

त्या सकाळी माय पुन्हा पुडी बांधायला बसली होती. मी नको म्हटलं. गुळाचा खडा घेतला, तसाच उघडा. हॉलमध्ये आलो आणि घंटा व्हायच्या आधी तो बाकावर ठेवला, शाईच्या बाटलीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा. तेच पर्यवेक्षक सर होते. ओळीतून चालत आले, थांबले.

"हे काय?"

मी उभा राहिलो. "गूळ आहे, सर. मला मधुमेह आहे. साडेबाराला खावा लागेल." आवाज मुद्दाम असा लावला की मागच्या भिंतीपर्यंत जावा.

सर पुढच्या बाकाकडे गेले. मागं कोणीतरी फिसकन हसलं. प्रश्नपत्रिका माझ्या हातात आली होती. मी मान खाली घातली, ती लिहायला.